बुधवारची प्रार्थनासभा: फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तात सलाम.

येत्या बुधवारी संध्याकाळी ६ वाजता देवळात प्रार्थनासभा आहे. वाचन ४:१०-२०. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला लागल्यात, कित्येक घरांत हात आखडलाय. प्रेषित पौलाने हे पत्र फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला बंदिवासातून लिहिले. भरल्या पोटी असो वा उपाशी, मी समाधानी राहायला शिकलो आहे, असे तो सांगतो. आणि तिथेच, फिलिप्पैकरांनी त्यांच्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोचही देतो! समाधान म्हणजे अडचण लपवणे नव्हे, असे मला मनापासून वाटते. तेव्हा तांदूळ, औषधे, मुलांची फी, जे अडले असेल ते पाळकसाहेबांना निःसंकोच सांगा. नाव बाहेर जाणार नाही. वीज जाते, बॅटरी सोबत आणा.