मैफलीला येण्याआधी

प्रिय दत्ता,

तिकीट हाती आल्याचं कळलं. आजवर बासरीवाल्या पंडित हरिप्रसाद चौरसियांना आकाशवाणीवर आणि कॅसेटवर ऐकलंस, आता एकदाचे समोर ऐकशील. म्हणून दोन-चार गोष्टी आधीच लिहितो.

पहिली गोष्ट जागेची. आमच्या संभाजीनगरच्या सोनेरी महालाच्या पटांगणात लोक स्पीकरपुढे सतरंजी टाकतात. तू तसं करू नकोस लेका. तिथं मोठ्या बासरीचा खर्ज गुदमरतो आणि वरचे सूर शिट्टीसारखे कानात टोचतात. मंचापासून वीस-पंचवीस फुटांवर, मधोमध किंवा जरा डावीकडे बैस. डावीकडे अशासाठी की पंडितजी बासरी स्वतःच्या डाव्या बाजूला धरतात, म्हणजे टोक आपल्या उजवीकडे येतं. तिकडे बसलास तर बोटं दिसणारच नाहीत. आधी ते उजवीकडे धरून वाजवत. सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायचं ठरलं तेव्हा जुनं सगळं पुसायचं म्हणून त्यांनी बाजूच बदलली. नाव झालेल्या वादकानं हे करावं!

आता बोटं. वरची तीन भोकं झाकली की सा, सहाही झाकली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. काही बासऱ्यांना त्याच्याही खाली सातवं भोक असतं, करंगळीचं. ते झाकलं की मंद्र तीव्र मध्यम. कोमल सुरांना वेगळी भोकं नाहीत, तिथं अर्धं भोक झाकायचं. कोमल गंधारावर बोटाचं पेर किती थोडं सरकतं ते बघ. कॅसेटवर नुसती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकू येते, ती कुठून निघते ते इथं दिसेल.

सुरुवातीला जुळवाजुळव लांबली तर चुळबुळ नको. थंडीत बांबू उतरलेला बोलतो, फुंकरीनं तापला की चढतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र जिथल्या तिथं. बासरीला पिळायला खुंटी नाही, ओठांचा कोन बदलूनच भागवावं लागतं. तबल्याची तऱ्हा वेगळी. दव पडलं की पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल होते, सूर उतरतो आणि हातोडी पुन्हा बाजूच्या लाकडी गट्ट्यांवर चालू. वारा सुटला तर माइकमध्ये भर्र होणारच, दर वेळी साउंडवाल्याला शिव्या घालू नयेत.

आणखी एक. त्यांचा जन्म १९३८ चा. कॅसेटमधला तो लांबलचक श्वास आता मागायचा नाही. शिष्य सोबत बसतात. गुरूनं अर्धी सोडलेली जागा ते भरून काढतात. काही जण यावर नाक मुरडतात. मला तर ते अर्धं सोडणंच ऐकावंसं वाटतं: कुठल्या सुरावर सोडलं, आणि शिष्यानं तिथूनच उचललं की सोपी वाट धरली?

आलापानंतरच्या लयीतल्या जोडाला पखवाज असेल तर तबला कधी येतो म्हणून घड्याळ पाहू नकोस. तबल्याबरोबरची गत रूपक तालात लागली तर हातावर टाळी देताना सांभाळ. सात मात्रांच्या या ठेक्यात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’च्या जागी येते, जिथं टाळी न देता हात उलटा करतात; तिथं टाळी दिलीस की शेजारचा वळून बघेल.

तपोवन एक्स्प्रेसनं येतोयस तर दुपारीच पोचशील. घोंगडी आण, मफलर आण, पण कान मोकळे ठेव. परतीची गाडी बघू नकोस, मुक्काम माझ्याकडे. शेवटाला त्यांनी छोटी बासरी उचलली की लोक चपला शोधायला उठतात. तू बसून राहा.

तुझा,
विनायक