२३ नग

लंडन, रविवार, पहाट

ती. बाबा, ती. सौ. आई आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "सुखरूप पोचलो" एवढंच सांगता आलं. एका हातात तानपुऱ्याची पेटी होती आणि मागून सात जणांच्या हाका चालू होत्या. आज सगळे झोपलेत, मला मात्र चारलाच जाग आली, म्हणून सविस्तर लिहायला बसलेय. दादाच्या मेलवर पाठवते, त्यानं प्रिंट काढून द्यावी. बाबा, तुम्ही ती पखवाजवाल्या काकांना, मावशीला, येणाऱ्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्या शनिवारी तुम्ही सहाजण याच विमानतळावर उतरणार. आमची जी धावपळ झाली ती तुमच्या वाट्याला येऊ नये.

आधी आजीला सांगते. दोन्ही तानपुरे धड आहेत. तुझी गोधडी कामी आली. कशी ते पुढे लिहिते.

बाबा, सांगलीच्या गावभागातून निघताना तुम्ही प्रत्येक सामानाला लाल सुतळी बांधलीत आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं आकडे घातलेत, तेव्हा तबलजींना ते जरा जास्तीचं वाटलं होतं. मला खात्री होती. अडतीच्या दुकानात ३० वर्षं दिवाणजी म्हणून तुम्ही हळदीची पोती मोजलीत, ट्रक भरून जाईपर्यंत वही मिटली नाहीत. "माणसं आपली आपण येतात, नग येत नाहीत, म्हणून नग मोजायचे," हे तुमचं वाक्य मी पूर्ण प्रवासभर धरून ठेवलं. ११ मोठ्या बॅगा, ८ हातातल्या, २ तानपुरे, १ वाजवायची पेटी (हार्मोनियम), १ तबला-डग्ग्याची बॅग. एकूण २३. मुंबईला टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरवताना २३, विमानतळावर देताना २३.

हीथ्रोला दुपारी बाराला उतरलो. इमिग्रेशनची रांग मोठी होती, पण सरकत होती. खाली बेल्टवर बॅगा यायला लागल्या. एक एक करत सगळ्या आल्या, पेटी आली, तबला आला. १२ आणि १३ नंबर काही येईनात. दोन्ही तानपुरेच. बेल्ट रिकामा फिरत राहिला, आमच्या विमानाची माणसं निघून गेली आणि आमच्या गाण्याच्या बाई एका बाकावर डोळे मिटून बसल्या. मी मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतला तो दिवस आठवत होते. दुकानात टांगलेले पंढरपूरकडचे भोपळे, जवारी लावताना, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून जुळवताना, मान खाली घालून तासन् तास बसलेले ते चाचा. अर्धा तास असाच गेला. शेवटी एका सफाईवाल्या मावशींनी बोट दाखवलं. लांब, अवजड वस्तू बेल्टवर येतच नाहीत, त्यांची जागा वेगळी असते, कोपऱ्यात, मोठ्या दरवाजापाशी. तिथे दोन्ही पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, लाल सुतळी तशीच. काकांचा पखवाजही तिथेच येण्याची शक्यता धरा. बेल्टवर दिसला नाही तर घाबरून बसू नका, आधी त्या दारापाशी जा.

आता मुख्य गोष्ट.

आम्ही निघायच्या आधीच एक गाडी ठरवली होती, विमानतळ ते हॉटेल, आठ माणसांसाठी आठ सीटची. पैसे आधीच भरले होते. ड्रायव्हर पाटी घेऊन उभा होता, माणूस फार भला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग तीन ट्रॉल्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. गाडीपाशी गेल्यावर कळलं. आठ सीट भरल्या की मागे उरते ती जागा चार बॅगांची. बुकिंग घेणाऱ्यांनी डोकी मोजली, नग किती हे कुणी विचारलं नाही, आणि आपण सांगितलंही नाही. मला फार वाईट वाटलं, कारण बुकिंग मीच केलं होतं.

आपल्याकडे असं कधी अडत नाही ना. सामान टपावर जातं, दोरी आवळली की झालं. फारच गर्दी झाली तर एखाद्याच्या मांडीवर एखादा बसतो. इथे टपावर काही ठेवत नाहीत, प्रत्येक माणसाला स्वतःची सीट आणि पट्टा लागतो, नववा माणूस घेतच नाहीत. टॅक्सीसारख्या भाड्याच्या गाड्यांना इथे जास्तीत जास्त ८ प्रवाशांचीच परवानगी असते. त्याहून मोठी हवी तर मिनिबस वेगळ्या ठिकाणी ठरवावी लागते. हे मला त्या पार्किंगमध्ये उभं राहून कळलं.

तिथेच मला तुमची आठवण आली, बाबा. तुम्ही माल आणि माणूस एकाच गाडीत कधी कोंबला नाहीत. मी बाईंना म्हटलं, सामान गाडीनं, माणसं रेल्वेनं. ड्रायव्हरनं शेवटची सीटची रांग दुमडून दिली. खाली सगळ्या मोठ्या बॅगा उभ्या लावल्या, हलणार नाहीत अशा घट्ट. पेटी सगळ्यांत खाली, पाठीला टेकवून. तानपुरे सगळ्यांत शेवटी, मधल्या सीटवर आडवे, भोपळ्याची बाजू आतल्या अंगाला, आणि दोन्हींना सीटचे पट्टे लावले. ड्रायव्हरनं स्वतः पट्टा ओढून पाहिला. वाद्यावर काहीच ठेवायचं नाही, हे त्याला सांगावंही लागलं नाही. मी आणि तबलजी गाडीत बसलो, बाकीचे सहाजण हातातल्या बॅगा घेऊन रेल्वेकडे गेले. गाडीत १५, त्यांच्याकडे ८. मी आकडा पुन्हा जुळवला आणि मगच दार लावलं.

हीथ्रो शहराच्या पश्चिमेला साधारण २३ किलोमीटर. सांगलीहून तासगावला जावं इतकंच. पण दुपारच्या ट्रॅफिकमध्ये आम्हाला दीड तास लागला. रेल्वेवाले केव्हाच पोचून हॉटेलच्या पायऱ्यांवर बसले होते.

त्यांनी घेतली ती एलिझाबेथ लाइन. ही २०२२ साली सुरू झाली आणि विमानतळावरून थेट पॅडिंग्टनला साधारण अर्ध्या तासात सोडते. स्टेशनला लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत, बॅग उचलावी लागत नाही, नुसती ढकलायची. आईचे गुडघे लक्षात घेता मला हे फार मोलाचं वाटलं. टर्मिनलमधून स्टेशनपर्यंत भुयारी वाटेनं बरंच चालावं लागतं, एवढंच. त्याच फलाटावर हीथ्रो एक्स्प्रेस नावाची दुसरी गाडीही येते. ती १५ मिनिटांत नेते पण तिकीट भारी. तिच्यात चुकून चढू नका. आपली ती जांभळ्या रंगाची. आणखी एक पिकॅडिली लाइन आहे, ती विमानतळापर्यंत १९७७ पासून येते. भाडं एलिझाबेथ लाइनच्या निम्म्याहूनही कमी. पण डबे बुटके, वाटेत गर्दी वाढत जाते आणि ती पॅडिंग्टनला जात नाही, मधे गाडी बदलावी लागते. एकटं, एका बॅगेचं माणूस असेल तर ती उत्तम. बोजा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. (बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली याच पॅडिंग्टनपासून सुरू झाली होती.)

तिकिटाचंही सांगते, कारण आमचे दोघं गेटवर अडले. इथे कार्ड टेकवलं की गेट उघडतं, तिकीट काढावं लागत नाही. पण एका कार्डावर एकच माणूस. पेटीवाल्या काकांनी स्वतःचं कार्ड टेकवून काकूंना आत घेऊ पाहिलं, गेट बंदच राहिलं. आत जाताना जे कार्ड, बाहेर पडताना तेच. म्हणून निघण्यापूर्वी तुम्ही सहाही जणांनी आपापल्या बँकेत जाऊन कार्ड परदेशात चालेल आणि नुसतं टेकवून पैसे जातील असं सुरू करून घ्या. दादाला सोबत न्या. ज्याचं होणार नाही त्याचं नाव मला कळवा, मी इथून ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं इथलं प्रवासाचं कार्ड, घेऊन ठेवते. बाबा, ज्येष्ठ नागरिकांचा फुकट प्रवासाचा पास इथे लंडनमध्ये राहणाऱ्यांना मिळतो, आपल्याला नाही.

हॉटेल पॅडिंग्टन स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. या भागात जुन्या काळची एकाला एक लागून घरं आहेत, त्यांचीच हॉटेलं केलीत. दिसायला सुरेख, पण लिफ्ट नाही आणि जिना इतका अरुंद की मोठी बॅग घेऊन वळताना भिंतीला घासते. आमच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे कुणालाच काही सुचेना. मग आम्ही यार्डात पोती हातोहात देतात तशी साखळी केली. थोड्या थोड्या पायऱ्या सोडून एकेक जण. खालून एक बॅग यायची, वर एक जायची. मी सगळ्यांत वर उभी राहून आकडे म्हणत होते. कामावरची एक पोलंडची मुलगी आपणहून मधे येऊन उभी राहिली आणि शेवटच्या बॅगेपर्यंत थांबली. तिला आपलं भडंग दिलं, फार आवडलं.

तानपुरे साखळीतून नाही दिले. ते मी आणि बाईंनी दोघींनी मिळून नेले, एक खेप, मग दुसरी.

खोलीत गेल्यावर तानपुऱ्याची पेटी लगेच उघडली नाही. तुम्ही सांगितलं होतं तसं तासभर तशीच ठेवली, खोलीच्या हवेशी जुळू दिली. मग कुलपं काढली. आजी, तुझी गोधडी भोपळ्याभोवती जशी गुंडाळली होती तशीच होती, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पट्टा वरच्या बाजूला. पेटीच्या आतला स्पंज एका कोपऱ्यात दबून अगदी पातळ झाला होता. म्हणजे मार तिथे बसला होता आणि तो गोधडीनं घेतला. भोपळ्यावरून तळहात फिरवला, कुठे केसाएवढीही चीर नाही. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, टिचकी मारली, आवाज भरलेला. घोडी जागच्या जागी. निघताना तारा सैल केल्या होत्या, त्या हळूहळू चढवल्या, एकदम नाही. जवारीचे दोरे सरकले होते, ते बाईंनी नखानं पुढेमागे केले आणि एका क्षणी तो आवाज उघडला. खोलीत आम्ही दोघीच होतो. बाई काही बोलल्या नाहीत, नुसता षड्ज लावला. खाली जिन्यावर सगळे येऊन उभे राहिले. दीड दिवसाची दमणूक कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या तानपुऱ्याचीही अशीच तपासणी केली, तोही ठीक.

आता तुमच्यासाठी मी काय ठरवलंय ते ऐका. तुम्ही सहाजण, पण गाडी १६ सीटची मिनिबस सांगितलीय. या वेळी माणसांचा आकडा शेवटी लिहिला. आधी मोठ्या बॅगा किती, हातातल्या किती, पखवाजाची लांबी किती, वीणेची पेटी किती, हे सगळं लिहून पाठवलं आणि "हे सगळं मावेल" असं लेखी उत्तर घेतलं. खर्च वाढतो, पण आई तिथे पार्किंगमध्ये ताटकळत उभी राहावी हे मला चालणार नाही. मी स्वतः घ्यायला येईन. बाहेर आलात की मी दिसेपर्यंत हलू नका, कुणी गाडी देतो म्हणालं तरी जाऊ नका. खोल्याही मी तळमजल्यावरच्या मागून घेतल्यात. दुपारी तीनच्या आधी त्या मिळत नाहीत, तोवर सामान ठेवायला जागा देतात.

आई, तू पेढे आणि खव्याच्या वड्या आणू नकोस. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणायला बंदी आहे, काढून घेतात, आणि तू केलेलं असं टाकून दिलेलं मला बघवणार नाही. शेंगदाण्याची चटणी आण, मेतकूट आण. भडंग दोन किलो तरी आण, त्या मुलीला मी शब्द दिलाय.

काकांना सांगा, पखवाजाच्या वाद्या थोड्या सैल करून घ्या आणि दोन्ही तोंडांना मऊ कापड बांधून मगच पेटीत घाला. आजीला विचारून अजून एक गोधडी मिळाली तर बघा.

आणि बाबा, आकडे २४ पासून पुढे घाला. परतताना आपण सगळे एकत्र आहोत, दोन १ नंबर आणि दोन १२ नंबर झाले तर माझा हिशोब चुकेल. लाल सुतळीचं नवं रीळही घेऊन या, इथलं संपलं.

तुमची,
छोटी