चिताऱ्याचं नाव आहे, सुताराचंही स्मरण हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बेल्जियममधल्या ब्रूज शहरावरचा लेख वाचला. संत उर्सुलाच्या पेटीचं छायाचित्र पाहून आनंद झाला, पण पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचं नाव देणारी खालची ओळ खटकली : ‘हान्स मेमलिंगने रंगवलेला सोनेरी डबा’. संतांचे अवशेष जपण्यासाठी घडवलेल्या अशा पात्राला आपल्याकडे अस्थिकरंडक हा नेमका शब्द असताना डबा कशाला म्हणायचं? शिवाय दिसायला सोनेरी असला तरी तो आहे लाकडाचा. अख्ख्या लेखात ‘लाकूड’ हा शब्द एकदाही आला नाही, म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात हयात गेली. दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर ब्रूजला जायचा योग आला. तिथलं सेंट जॉन रुग्णालय आता संग्रहालय आहे. १४८९ साली याच रुग्णालयासाठी हा करंडक तयार झाला आणि २१ ऑक्टोबरला, उर्सुलाच्या सणाच्या दिवशी, अवशेष त्यात ठेवले गेले. पाचशेहून अधिक वर्षं झाली, त्याचं घर बदललेलं नाही.

आकार एखाद्या छोट्या गॉथिक चर्चचा. लांबी-उंची साधारण ९० सेंटिमीटर, रुंदी त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. उतरतं छप्पर, आढ्यावर जाळीदार नक्षी, चार कोपऱ्यांवर संतांच्या चिमुकल्या मूर्ती, आणि दोन्ही लांब बाजूंना बारीक खांबांवर पेललेल्या कमानी. मेमलिंगची सहा चित्रं बसली आहेत ती या कमानींत. मुलगी चित्रं बघत होती आणि मी वाकून त्या खांबांच्या तळाशी बघत होतो. इतक्या अरुंद जागेत पटाशी फिरवताना हात जरा जरी घसरला, तरी टवका उडालाच. मग सगळा खांब नव्यानं.

वर्खाचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, सोनं थेट लाकडावर बसत नाही. आधी खडू आणि सरस कालवून अस्तराचे थरावर थर द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, त्यावर तांबूस माती, मग वर्ख, शेवटी घोटाई. या अस्तरानं कोरीवकामाच्या कडा बुजतात. म्हणून कोरणाऱ्याला आधीच खोल जावं लागतं, पुढे किती बुजेल याचा अंदाज बांधून. आम्हीही नमुना करताना धातू थंड होऊन आकसेल तेवढं माप वाढवून धरायचो. त्या अनोळखी माणसाचा अंदाज इतका नेमका होता की सोन्याखालीही त्याच्या कडा धारदार दिसतात. मला तिथून हलवेना.

मेमलिंगचं मोठेपण मी नाकारत नाही. चित्रांत आहे ती उर्सुलाची दंतकथा : सोबतिणींसह यात्रेला निघालेली ही राजकन्या जर्मनीतल्या कोलोनला मारली गेली. यात्रेकरूंची जहाजं कोलोनला लागतात त्या चित्रात त्यानं शहराच्या खऱ्या इमारती ओळखू येतील अशा रंगवल्यात. शेवटच्या चित्रात तिरंदाजासमोर उभ्या उर्सुलाचा शांत चेहरा विसरता येत नाही. पण ज्या घरात ही चित्रं राहतात ते बांधणाऱ्याचं नाव कुठे आढळत नाही. त्याच काळात जवळच्या अँटवर्पमध्ये पारखून घेतलेल्या कोरीवकामावर हाताच्या पंजाची खूण उठवत. खूण शहराची, कारागिराची नव्हे. नाव नाही, म्हणून उल्लेखही नाही, हे मला पटत नाही.

पुरवणीत पुन्हा कधी हा करंडक आला तर छायाचित्राखाली एवढं जरूर छापावं : ‘कोरीव लाकूड, सोन्याचा वर्ख. चित्रं हान्स मेमलिंग, कोरणारा अज्ञात.’

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर