भरपाईचे आकडे कोर्टाने उघड करावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली बातमी येते: अपघाताची इतकी प्रकरणे निकाली, इतक्या कोटींची तडजोड. त्या कोटींमध्ये माझ्या धाकट्या भावाचेही पैसे आहेत, म्हणून लिहितो आहे.

भाऊ फरशी बसवायचा. अमरावती रोडवर वाडीजवळ ट्रकने त्याच्या गाडीला मागून ठोकले. मांडीत रॉड टाकावा लागला आणि गुडघा वाकेनासा झाला. सर्टिफिकेटवर अपंगत्व ३५ टक्के. आता ज्याचे सगळे काम उकिडवे बसून, त्याचा गुडघा गेला तर उरलेल्या ६५ टक्क्यांनी त्याने काय करायचे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तीन वर्षे तारखा झाल्या. मग लोकअदालतीच्या दिवशी, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या गर्दीत विमा कंपनीच्या वकिलांनी फायलीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने एक आकडा लिहिला आणि आमच्यापुढे सरकवला. "आजच हो म्हणा, नाहीतर अजून चार वर्षं चकरा माराल." आमचे वकीलही म्हणाले, "घेऊन घ्या, एवढंच भेटते." भावाने सही केली. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणजे विषय तिथेच संपला.

खरेच 'एवढंच भेटते' का, हे ताडून पाहायला आमच्याकडे काहीच नव्हते. कंपनीकडे शेकडो निकालांचा हिशेब असतो. जखमी माणूस बहुधा आयुष्यात एकदाच त्या बाकावर बसतो.

२०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड ही कोर्टांतल्या प्रकरणांची माहिती देणारी वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. नागपूर जिल्ह्यात किती प्रकरणे प्रलंबित, किती वर्षांची, दिवाणी किती, फौजदारी किती, हे घरबसल्या कळते आणि ते चांगलेच आहे. पण मागितले किती, मिळाले किती, पैसे हातात कधी पडले, हे तिथे नाही. निकाल ई-कोर्ट्‌सवर असतात, पण एकेक पीडीएफ उघडून वाचणार कोण?

हिशेबाची पद्धत गुप्त नाही. वर्षाच्या कमाईतले नुकसान कितीने गुणायचे, तो वयाप्रमाणे गुणक सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ सालीच ठरवून दिला. ३६ ते ४० वयाला १५. सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजे कमाईतले नुकसान नव्हे, त्या माणसाचे काम काय होते ते पाहा, हे सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितले आहे. सगळी ओढाताण याच टक्क्यांवर होते. फरशीवाल्याच्या, गवंड्याच्या, ड्रायव्हरच्या गुडघ्याला इथल्या न्यायाधिकरणाने आजवर किती धरले, हे माहीत असते तर त्या व्हरांड्यात आम्ही गप्प बसलो नसतो.

माझी मागणी साधी आहे. निवाडा टाइप होतो तेव्हाच एक तक्ता भरावा: वय, काम, इजा, अपंगत्वाचे टक्के, दाव्याची तारीख, मागणी, मंजूर रक्कम, पैसे जमा झाल्याची आणि दावेदाराला मिळाल्याची तारीख. नाव-गाव नको, कुणाचे दुखणे चव्हाट्यावर यायला नको. लोकअदालतीतल्या तडजोडींचाही असाच तक्ता हवा; तिथे तर त्याची जास्त गरज आहे. जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, त्यामुळे नागपूर खंडपीठाने हे मनावर घ्यावे. न्यायाधिकरणांत पडून राहिलेल्या भरपाईची माहिती डॅशबोर्डवर टाका, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलेच आहे. पडून राहिलेली रक्कम दाखवता येते, तर दिलेलीही दाखवता येईल.

तोवर आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या लोकअदालतीची बातमी करताना कोटींच्या आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, ही विनंती: त्या दाव्यांमध्ये मूळ मागणी किती होती आणि पैसे किती दिवसांत खात्यात आले.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर