‘जोर लाव’ असं सांगू नका, ‘पडून राहा’ असंही सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्यायामानं उदासी कशी जाते यावर लेख आला होता, रोज पळा, भरपूर घाम गाळा, मन हलकं होईल असं त्यात होतं, लेख चांगलाच होता पण तो वाचून माझ्या नणंदेनं लगेच फोन केला की बघ वहिनी, हेच तर मी तुला सांगते, थोडा जोर लाव, बरी होशील. तिचा माझ्यावर जीव आहे म्हणूनच ती बोलते. पण मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आम्ही पेशंट लोक नुसतं एमएस म्हणतो, आणि माझ्यासारख्यानं तो सल्ला जसाच्या तसा पाळला तर काय होतं ते मी भोगलंय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते, मग निरोप नीट पोचत नाहीत, कुणाची नजर जाते, कुणाचा पाय बधिर होतो, कुणाचा तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, आणि थकवा तर असा की आंघोळ करून आलं तरी परत आडवं व्हावं लागतं. बहुतेकांना विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त. मला ३१ व्या वर्षी निदान झालं, मुलगा तेव्हा बालवाडीत होता.

निदान झाल्यावर दोन वर्षांनी मी एका जिममध्ये नाव घातलं. एप्रिल महिना, नागपूरचा उन्हाळा, वर पत्रा, एसी बंद. ट्रेनरला आजाराचं सांगितलं होतं पण त्यानं हे नाव कधी ऐकलेलंच नव्हतं, तो म्हणाला मॅडम मनावर घेतलं की सगळं होतं, अजून पाच मिनिटं. ट्रेडमिलवर बारा-तेरा मिनिटं झाली असतील आणि डाव्या डोळ्यापुढं धूसर झालं, पाय लाकडासारखे, दांडा घट्ट धरून कशीबशी उतरले आणि तिथंच फरशीवर बसले. मला वाटलं नवीन अटॅक आला, परत स्टिरॉइडची सलाइन, परत सगळं पहिल्यापासून. घरी आणून कूलरसमोर झोपवलं, ओला टॉवेल मानेवर ठेवला, तासाभरात डोळा पूर्ववत. पण भीती बसली ती बसलीच. त्यानंतर आठ महिने मी व्यायाम सोडाच, जिना उतरून खाली जाणंही टाळलं.

आता जे मला माहीत आहे ते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते आठ महिने वाचले असते. याला उथॉफचा परिणाम म्हणतात, १८९० साली विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की एमएसच्या पेशंटना व्यायाम केल्यावर तात्पुरतं कमी दिसतं. त्यांना वाटलं व्यायामाच्या श्रमामुळे होतंय. खरं कारण अंगातली उष्णता हे नंतर कळलं, आवरण गेलेल्या नसेतून निरोप आधीच रडतखडत जातो आणि शरीराचं तापमान अर्धा डिग्री जरी वाढलं तरी तो अडू शकतो, अंग गार झालं की परत जायला लागतो. नसेला त्यानं नवीन इजा होत नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलं तेव्हा कुठं रडू थांबलं. अटॅक म्हणजे रिलॅप्स ओळखायची ढोबळ खूण त्यांनी सांगितली ती अशी की नवीन त्रास, ताप किंवा इन्फेक्शन नसताना, २४ तासांहून जास्त टिकला तर लगेच दाखवा. तास-दोन तासात गार झाल्यावर गेला तर ती उष्णता.

पण या गोंधळामुळे कितीतरी वर्षं जगभरात एमएसच्या पेशंटना व्यायाम करूच नका, शक्ती राखून ठेवा असंच सांगत होते, आणि आमच्या सासूबाई अजूनही तेच सांगतात, पडून राहा गं, मी करते सगळं. १९९६ मध्ये अमेरिकेत युटाला ५४ पेशंटवर अभ्यास झाला, अर्ध्यांनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम केला, त्यांचा दम तर वाढलाच पण उदासी आणि चिडचिड कमी झाली, थकवाही कमी. म्हणजे तुमच्या लेखातली मूळ गोष्ट आम्हालाही लागू आहे, फक्त पद्धत वेगळी. पडून राहिलं की स्नायू आणखी जातात, आणि आजारानं गेलं किती आणि पडून राहून गेलं किती हे मग कळतच नाही.

माझी पद्धत सांगते, प्रत्येकाची वेगळी असेल, मेंदूच्या डॉक्टरांना आणि न्यूरोची माहिती असलेल्या फिजिओला विचारूनच ठरवा. पहाटे साडेपाचला, उन्हाळ्यात त्याहीआधी. आधी गार पाण्यानं आंघोळ, मानेभोवती ओला पंचा, फ्रीजमधली पाण्याची बाटली हाताशी. दहा मिनिटं बसायची सायकल, मग पाच-सात मिनिटं सरळ खुर्चीत टेकून बसणं, मग परत दहा. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस ओट्याला धरून टाचा उचलणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस. तोल जातो म्हणून हे भिंतीजवळ किंवा ओट्यापाशीच, स्लिपर घालून नाही, मागून बंद असलेला बूट घालून. तळपाय बधिर असतो त्यामुळे व्यायामानंतर पाय डोळ्यांनी बघायचे, फोड आला तरी समजत नाही. आणि लघवीच्या भीतीनं पाणी कमी पिऊ नका, मी ते करत होते, त्यानं इन्फेक्शन होतं आणि ताप आला की पुन्हा तीच उष्णता. पोहायचं असेल तर गार पाणी, २७ ते २९ डिग्रीचं बरं, सांधेदुखीवाल्यांना कोमट टाकीत घालतात ते आम्हाला नको. ज्या दिवशी ताप आहे किंवा अटॅक चालू आहे त्या दिवशी काही नाही.

आता उदासीबद्दल, जे सांगायला मला सर्वात जास्त जड जातंय. त्या आठ महिन्यांत मी मुलाचा डबा करणं सोडलं. भूक नाही, पहाटे तीनला जाग यायची आणि मी गेले तर या दोघांचं सोपं होईल असे विचार यायचे, हे मी नवऱ्याला खूप उशिरा सांगितलं. घरी सगळ्यांना वाटत होतं आजाराचं टेन्शन आहे, साहजिक आहे. एमएसच्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी मोठं डिप्रेशन येतं आणि ते फक्त परिस्थितीमुळे नसतं, मेंदूत जी सूज आणि डाग पडतात त्यांचाही त्यात हात असतो, काहींना स्टिरॉइडनंही मन खालीवर होतं. माझ्या पाच व्हिजिटमध्ये कुणी मला मन कसं आहे असं एकदाही विचारलं नाही. पाय तपासले, डोळे तपासले, हातोडी मारली. शेवटी नवऱ्यानंच सायकियाट्रिस्टकडे नेलं, गोळी सुरू झाली, काउन्सेलिंग सुरू झालं, आणि पाच-सहा आठवड्यांनी मला सायकलवर बसावंसं वाटलं. क्रम असा होता. आधी औषध, मग व्यायाम. ज्याला पलंगावरून पाय खाली ठेवता येत नाही त्याला पळायला जा सांगून तो आणखी खचतो, की मला एवढंही जमत नाही. नणंदेला मी हेच सांगितलं आणि ती फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, मला माहीत नव्हतं गं.

मी गेले तर बरं असे विचार येत असतील तर १४४१६ वर टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईहून काम करते, आपल्यासारखंच कुणीतरी समोरून बोललं की बरं वाटतं. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारांमध्ये एमएसचं नाव स्वतंत्र आहे, बाहेरून धडधाकट दिसलात तरी दाखल्यासाठी अर्ज करा.

एक मागणी तुमच्या पेपरमधून पोचावी. आमच्या भागातला बगिचा पहाटे पाचला उघडतो पण आतलं स्वच्छतागृह सातनंतर उघडतात, आणि अख्ख्या वॉकिंग ट्रॅकवर टेकायला दोनच बाक, तेही फाटकापाशी. मे महिन्यात सातला ऊन तापलेलं असतं, माझी वेळ तेव्हा संपलेली असते. दर शंभर पावलांवर एक बाक, एका बाजूला धरायला रेलिंग आणि पाचलाच कुलूप उघडणारा माणूस, एवढं झालं तर मी, आमच्या गल्लीतले पार्किन्सनचे काका आणि लकव्यातून उठलेल्या मावशी, तिघंही घराबाहेर चालू शकू.

आपली नियमित वाचक,
एक एमएस पेशंट, नागपूर