आत्याचा आजारही विचारा

स्तनकर्करोगाच्या आनुवंशिकतेवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती उपयुक्त आहे. मात्र त्यात आई, मावशी, बहीण यांचाच उल्लेख आहे, वडिलांकडचे कुटुंब राहून गेले. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला, स्तनकर्करोगाचा धोका वाढवणारा दोष पुरुषांतही असतो. तो वडिलांकडून मुलीकडे येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच, म्हणजे ५० टक्के असते.

माझ्या आत्याला ४५व्या वर्षी ‘डीसीआयएस’ निघाला, म्हणजे दुधाच्या नलिकेतच राहिलेला, बाहेर न पसरलेला कर्करोग. हाताला गाठ लागत नव्हती. मॅमोग्राफीत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली आणि ‘तो काही खरा कॅन्सर नव्हता’ असे घरात ठरून गेले. पुढे मी तपासणीला गेले, तेव्हा अर्जावर ‘आई’ आणि ‘बहीण’ एवढ्याच दोन चौकटी होत्या. दोन्हींत ‘नाही’ लिहून मी परत आले.

शून्य टप्प्यातला हा आजारही आनुवंशिक धोक्याची खूण असू शकतो. जनुकचाचणी कुणी करावी, याविषयीच्या अमेरिकेतील एनसीसीएन या कर्करोग केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत डीसीआयएसची गणना स्तनकर्करोगातच होते. आनुवंशिक स्तनकर्करोगाचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के आहे, तेव्हा सरसकट सर्वांनी चाचणी करावी असे माझे म्हणणे नाही. पण तपासणीच्या अर्जात आत्या आणि वडिलांच्या आईसाठी एक ओळ वाढवावी, आणि ‘बरा झालेला, न पसरलेला आजारही लिहा’ असे तिथेच छापावे.

— एक वाचक, सातारा