निळ्या मारां कोंबड्या घेण्यापूर्वी त्यांचे अंडे पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चॉकलेटी अंडी देणाऱ्या मारां कोंबड्यांवर प्रसिद्ध झालेला लेख मी इथे, इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीत, मोठ्या उत्सुकतेने वाचला. याच जातीची, आणि त्यातही तांबूस मानेच्या निळ्या वाणाची, मी बरीच वर्षे पैदास करत आले आहे. त्यामुळे मराठी वृत्तपत्राने तिची दखल घेतल्याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र लेखाचा सगळा भर ‘दुर्मिळ निळा रंग’ आणि त्याला मिळणारी किंमत यांवरच होता. तो वाचून निळी जोडी कुठे मिळेल, अशी विचारणा करणारे निरोप मला गावाकडच्या नातेवाइकांकडून येऊ लागले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मारां ही जात तिच्या अंड्यासाठी घडवली गेली, आणि तिचा कोणताही दुर्मिळ रंग जपायचा असेल तर अंड्याच्या रंगाला धक्का न लावता तो जपावा लागतो. ही बाजू लेखात आली नव्हती.

मारां हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, ला रोशेलपासून थोड्याच अंतरावर दलदलीच्या प्रदेशात वसलेले छोटे बंदर. बाहेरून येणाऱ्या जहाजांवर खलाशी झुंजीचे कोंबडे बाळगत, ते तिथल्या गावठी कोंबड्यांत मिसळले, आणि पुढे लँगशान या चिनी जातीचे रक्त त्यात आले. लँगशान 1872 साली चीनमधून इंग्लंडमध्ये आली होती. पायांवरची पिसे आणि गडद तपकिरी अंडे ही तिचीच देणगी मानली जाते. 1930 च्या सुमारास फ्रान्समध्ये या जातीचा क्लब आणि तिचे अधिकृत मानक तयार झाले आणि त्याच सुमारास ती इंग्लंडलाही पोहोचली. इंग्रजांनी पुढे बिनपिसांच्या पायांचे, आडव्या पट्ट्यांचे पक्षी निवडत नेले, तर फ्रेंचांनी पायांवरची पिसे राखली आणि तांबूस मानेच्या काळ्या वाणाला मान दिला. इतका फरक पडूनही दोन्हीकडे अंड्याचा आग्रह मात्र सुटला नाही. फ्रान्सच्या मारां क्लबचा 1 ते 9 असा अंड्यांच्या रंगाचा तक्ता आहे आणि 4 च्या खाली रंग देणारी कोंबडी, तिची पिसे कितीही देखणी असली तरी, त्यांच्या लेखी मारां म्हणून पैदाशीला लायक ठरत नाही.

हा गडद रंग खाद्यातून येतो असा एक समज आहे आणि आपल्या लेखातही तसे सूचित झाले होते. तो समज चुकीचा आहे. अंडे शरीरातून बाहेर पडण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत, कवच तयार होऊन झाल्यावर, गर्भाशयात प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा थर त्याच्यावर चढतो. नुकतेच घातलेले अंडे हातात घेतले तर त्याच्यावर ओलसर चकाकी असते. त्या अवस्थेत कोंबडीचे नख त्याच्यावरून घासले गेले तर रंगाचा पापुद्रा निघून खालचे फिकट कवच उघडे पडते, आणि तो ओरखडा वाळल्यावरही तसाच राहतो. तलंग पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा रंग सर्वांत गडद असतो, हंगाम पुढे सरकेल तसा तो फिका होत जातो आणि पीस झडून विश्रांती मिळाल्यावर पुन्हा सुधारतो. म्हणूनच विक्रेत्याने हंगामाच्या सुरुवातीच्या अंड्याचे छायाचित्र दाखवले तर त्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. पैदाशीसाठी कोंबडी निवडताना मी तिची हंगामाच्या मध्यावरची अंडी पाहते. जी कोंबडी तेव्हाही रंग टिकवते ती खरी. अशी कोंबडी बहुतेक वेळा अंडी कमी घालते, आणि पैदास करणाऱ्याने ते आनंदाने मान्य करावे.

कोंबड्याच्या बाबतीत ही निवड आणखी अवघड होते. अंड्याचा रंग ठरवणारी जनुके त्याच्याकडूनही पिलांत उतरतात, पण तो स्वतः अंडे घालत नसल्याने त्याच्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तो कोणत्या अंड्यातून निघाला हे माहीत असणे, आणि पुढे त्याच्या मुलींनी घातलेली अंडी पाहणे, एवढेच दोन मार्ग उरतात. त्यासाठी मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीची खूण लिहिते आणि उबवणीच्या अठराव्या दिवशी प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या पिशवीत ठेवते, म्हणजे एकविसाव्या दिवशी पिल्ले एकमेकांत मिसळण्यापूर्वी त्यांच्या पायांत खुणेची कडी घालता येतात. हे काम किचकट आहे, परंतु ते टाळून केलेल्या पैदाशीत कोंबडा केवळ रुबाबावर निवडला जातो, आणि दोन-तीन पिढ्यांत अंडी साध्या तपकिरी रंगावर येतात.

आता निळ्या रंगाविषयी. ज्याला निळा म्हणतात तो प्रत्यक्षात पाटीसारखा राखाडी असतो, आणि चांगल्या पक्ष्यात प्रत्येक पिसाला गडद कड असते. काळ्या रंगद्रव्याला फिके करणाऱ्या एका जनुकामुळे तो येतो. तांबड्या रंगद्रव्यावर त्या जनुकाचा परिणाम होत नसल्याने मानेवरचा तांबूसपणा कायम राहतो, आणि या दोन रंगांच्या जोडीतच या वाणाचे खरे सौंदर्य आहे. या जनुकाची एक प्रत असेल तर पक्षी निळा होतो, दोन असतील तर पांढुरक्या अंगावर राखाडी शिंतोडे असलेला ‘स्प्लॅश’ होतो आणि एकही नसेल तर काळा राहतो. त्यामुळे निळ्या कोंबड्याची निळ्या कोंबडीशी जोडी लावली तर सरासरीने निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश निघतात. ‘शुद्ध निळी’ अशी जोडी, जिची सगळी पिल्ले निळी होतील, जगात कोणाकडेही असू शकत नाही. सगळी पिल्ले निळी हवी असतील तर स्प्लॅश आणि काळा यांची जोडी लावावी लागते.

एवढे साधे गणित समजले तरी ग्राहकाची बरीच फसवणूक टळेल. निळ्या आई-बापांची काळी पिल्ले इथेही आणि माझ्या ऐकण्यात आले त्याप्रमाणे आपल्याकडेही ‘निळ्याचा अंश असलेली’ म्हणून जास्त दराने विकली जातात. या जनुकाची एक प्रत जरी असली तरी ती पिसांत दिसतेच. म्हणजे काळ्या पिलाच्या अंगी निळा रंग लपून राहणे शक्य नाही, आणि ते पिल्लू रंगाच्या दृष्टीने कोणत्याही साध्या काळ्या मारांच्या बरोबरीचे आहे. याउलट स्प्लॅश पिल्ले डागाळलेली म्हणून नाममात्र किमतीत काढून टाकली जातात; खरे तर पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगाची असतात. लव्हेंडर नावाने विकला जाणारा फिका, एकसारखा राखाडी रंग ही तर निराळीच गोष्ट आहे. तो वेगळ्या, सुप्त जनुकामुळे येतो, आई-बाप दोघांकडून मिळाल्याशिवाय दिसत नाही आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा पिसे विरविरीत होऊन शेपटी झडल्यासारखी दिसण्याचा दोष येतो. निळा आणि लव्हेंडर एकच समजून जोड्या लावणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

माझे मत असे आहे की निळा वाण राखणाऱ्याने आपली मुख्य ताकद काळ्या वाणावर खर्च करावी. गडद अंड्यांचा, नारिंगी डोळ्यांचा, पायांवर बेताची पिसे असलेला तांबूस मानेचा काळा कळप आधी उभा करावा आणि त्याच्याशी निळे किंवा स्प्लॅश पक्षी जोडत राहावे. निळ्याशी निळा अशा जोड्या पिढ्यानपिढ्या लावत गेल्यास पिसांची कड पुसट होते आणि निवडीला वाव कमी राहतो. दुसऱ्या जातीतून रंग आणण्याचा मार्ग तर त्याहून लांबचा आहे, कारण अंड्याचा गडदपणा एका जनुकावर अवलंबून नाही. संकराच्या पहिल्याच पिढीत तो कमी होतो आणि परत मिळवायला वर्षे जातात. इंग्लंडमधला ‘गोल्डन कुकू’ हा सोनेरी मानेचा, पट्ट्यांचा वाण आज मोजक्या लोकांकडे उरला आहे आणि त्याच्यापुढे आणखी एक अडचण आहे. कळप इतके लहान आहेत की नात्यातल्या जोड्या टाळणे कठीण होते, आणि मग सर्वांत आधी अंडी फळण्याचे व उबण्याचे प्रमाण घसरते. किमान दोन स्वतंत्र रक्तरेषा वेगळ्या खुराड्यांत ठेवणे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या पैदासकाराशी कोंबड्यांची अदलाबदल करणे, याशिवाय त्यावर उपाय नाही.

उबवणीविषयीही थोडे लिहायला हवे. मारांच्या अंड्यांवरचा रंगाचा थर जाड असल्याने त्यांतले पाणी हळू बाष्प होते आणि आतली हवेची पोकळी पुरेशी वाढत नाही. परिणामी पूर्ण वाढलेले पिल्लू शेवटच्या दिवशी कवचातच गुदमरते. बॅटरीच्या उजेडात अंडे धरले तर इतर जातींमध्ये पोकळी स्पष्ट दिसते, इथे मात्र गडद कवचातून नीट काहीच कळत नाही. त्यामुळे अंडी वजन करूनच तपासावी लागतात. 65 ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत साधारण 8 ग्रॅमने हलके झालेले असावे, आणि तसे होत नसेल तर उबवणी यंत्रातली आर्द्रता कमी करावी. तापमान 37.5 अंशांवर स्थिर असावे. पावसाळी हवेत पायांच्या पिसांना चिखलाचे गोळे चिकटतात आणि त्यात खरजेच्या किडी होतात, म्हणून खुराड्यासमोरची जमीन कोरडी राखणे गरजेचे असते. कोकणात कोणी ही जात पाळणार असेल तर हा त्रास इंग्लंडपेक्षा कमी होणार नाही. कडक उन्हात निळी पिसे पिवळट पडतात, हेही महाराष्ट्रात पाळू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता एक नाजूक विषय. ‘येताना बॅगेतून डझनभर फळलेली अंडी आण’ अशी विनंती मला आप्तांकडून वारंवार होते. ती प्रेमापोटी असते हे मला समजते, पण ती मी पूर्ण करू शकत नाही आणि कोणीही करू नये. उबवणुकीची अंडी भारतात आणण्यासाठी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाचा परवाना आणि आरोग्याचे दाखले लागतात. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूने जे केले ते महाराष्ट्रातला कुक्कुटपालक विसरलेला नाही. इथेही त्या रोगाची दर हिवाळ्यात धास्ती असते; पक्षी बंदिस्त ठेवण्याचे आदेश निघतात, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड व वेल्समध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. घरातली शिळी पोळीसुद्धा आम्हाला कोंबड्यांपुढे टाकता येत नाही, कारण स्वयंपाकघरातून गेलेले अन्न पक्ष्यांना घालण्यास कायद्याने मनाई आहे. चार अंड्यांच्या हौसेपायी शेजाऱ्यापाजाऱ्यांची खुराडी संकटात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्यांना भारतातच कोणाकडून हे पक्षी घ्यायचे आहेत त्यांनी विक्रेत्याकडे पक्ष्याच्या छायाचित्राऐवजी त्याच्या आईचे हंगामाच्या मध्यावरचे अंडे दिवसाच्या उजेडात पाहायला मागावे, दोन्ही पालकांचा रंग विचारावा आणि काळ्या पिलासाठी निळ्याची किंमत मोजू नये. पिवळे पाय किंवा शेपटीच्या मुळाशी ठळक पांढरी पिसे दिसली तर पैदाशीसाठी तो पक्षी घेऊ नये.

शेवटी एक विनंती. लेखाशेजारी छापलेल्या दुसऱ्या छायाचित्राखाली ‘कडकनाथची अंडी’ असे लिहिले होते, परंतु ती अंडी स्पष्टपणे मारांची, तक्त्यावर 7 च्या आसपासची होती. कडकनाथचे मांस आणि हाडे काळी असतात, त्याचे अंडे मात्र फिकट, दुधी-तपकिरी असते. 2018 साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि काळ्याखेरीज कडकनाथचे सोनेरी व बारीक रेघांच्या पिसांचे असे दोन वाणही आहेत, ज्यांच्याकडे काळ्या वाणाच्या मागणीमुळे फार थोड्यांचे लक्ष जाते. ‘काळ्या अंड्यां’च्या नावाखाली ग्राहकांची दिशाभूल होत असल्याने या ओळीची दुरुस्ती आपण पुढच्या अंकात प्रसिद्ध करावी, आणि कडकनाथच्या त्या दोन वाणांवर एखादा स्वतंत्र लेख जाणकाराकडून लिहून घ्यावा.

कळावे.

आपली नियमित वाचक,
श्रॉपशर, इंग्लंड
(मूळ गाव : चिपळूण तालुका)